न नेलेली पदकं

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच जमा करून घ्यावा. प्रत्यक्ष घालायची तयारी आहे, पण परवा पॉलिशच्या मोटारीचा पट्टा चढवताना कंबर धरली, आता खाली गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील.) आम्ही सर्व इकडे सुखरूप आहोत. आपले गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला थांबला का? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आपल्याला बारीक अक्षर नीट दिसतं का? अगदी बारीक, म्हणजे समजा नाण्याच्या कडेवर कोरलेलं असावं, तसं? आणि आपला तो किल्ल्यांचा जुडगा सुखरूप आहे ना? तो बोटांत घोळवत घोळवत उपदेश करायची आपली लकब आम्हां सगळ्यांना फार आठवते. सहज विचारलं.

खरं तर फोनच करणार होतो. पण आपण फोन कपाटात ठेवता, कपाटाला कुलूप लावता, आणि तो वाजायला लागला की जुडग्यातली नेमकी किल्ली सापडेपर्यंत बिचारा दमून गप्प होतो. जन्मभर गोदाम सांभाळलेल्या माणसाची कुलपाची सवय सुटत नाही हे आम्ही समजून आहोत. साखरेच्या डब्याला कुलूप कशाला, एवढंच मामींना अजून समजलेलं नाही. शिवाय ही हकिगत फोनवर मावणारी नाही. सौ. म्हणते की ती पत्रातही मावायची नाही, पण निदान मामांना मध्येच फोन ठेवून देता येणार नाही.

तर आमच्या दुकानातलं मागच्या भिंतीचं कपाट आपल्याला आठवत असेल. लोक पॉलिशला वस्तू टाकून जातात आणि विसरतात, अशा न नेलेल्या वस्तूंचं ते कपाट. आजोबांचा दंडक होता की गिऱ्हाइकाची वस्तू मोडीत घालायची नाही, विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. आणि गिऱ्हाईक म्हातारं होऊन आलं तरी त्याला ती लख्ख मिळाली पाहिजे. म्हणून दरवर्षी दुकानाची सफाई निघाली की कपाटातली यच्चयावत वस्तू मोटारीवर धरून पुन्हा पॉलिश व्हायची. आजोबांनी केल्या, बाबांनी केल्या, मी करतो. कुणाची तरी दारावरची पाटी आहे, बुद्धिबळात दुसरा आल्याबद्दलचा कप आहे (पहिला आलेला आपला कप घेऊन गेला, दुसऱ्याचा उत्साह कमी पडला असावा), एक बिगुल आहे, आणि नळ तर इतके आहेत की एकदम सोडले तर गल्ली वाहून जाईल. आजोबा पावती देत नसत. पावती हरवते, चेहरा हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांना खरोखरच प्रत्येक नळामागचा चेहरा पाठ होता. ते गेले आणि चेहरे त्यांच्याबरोबर गेले, मागे नळ उरले. पण आजवर त्या कपाटातून गिऱ्हाइकाची टाचणीसुद्धा बाहेर गेलेली नाही, हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगत आलो आहे. (हे वाक्य लक्षात असू द्यावं.)

यंदा मात्र सौ.नं फर्मान काढलं. तिला कपाटाच्या जागी मुलामा द्यायची नवी टाकी बसवायची होती. एकतर मालक शोधा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावते, असं ती म्हणाली, आणि ती बोलावते हे आपण जाणताच. मी ठरवलं की शोध पदकांपासून सुरू करायचा. नळाचा मालक सापडला तर कुणी पाठ थोपटत नाही, पदकांच्या मालकाची गोष्ट वेगळी. ती सैनिकी पदकं आहेत, आडव्या पट्टीला ओळीनं लावलेली. पट्टीवर जागा चार, पदकं तीन, चौथी जागा रिकामी. फिती कधीच विरून गेल्या आहेत. पदकांवर एका बाजूला कुणाचा तरी चेहरा आहे, पण त्याचं नाक आमच्या पॉलिशमध्ये साफ गेलेलं असल्यामुळे कुणाचा ते सांगता येत नाही.

एवढ्या भांडवलावर मी त्या सैनिकाचं सगळं चरित्र रचलं. त्याला झुपकेदार मिशा दिल्या, हातात निशाण दिलं, आणि एका टेकडीवर एकट्याला चढवलं. हे मी फक्त न्हाव्याला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत शत्रूची अख्खी पलटण गारद झालेली होती. मग मी पदकं दुकानाच्या काचेत मांडली आणि खाली पुठ्ठा लावला, ‘या वीराला कोण ओळखतं?’ लोक आले, नाही असं नाही. एकानं पितळ का चांदी ते विचारलं. एक गृहस्थ म्हणाले, हे आमचे पणजोबा. मी विचारलं, कोणत्या लढाईत होते? ते म्हणाले, तुमच्याकडे कोणती आहे? शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर मला भाषणाला बोलावलं. मी टेकडी अशी काही चढवली की मुलांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. शेवटी पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं, त्यांचं नाव काय? मी पाणी प्यायलो. मग आणखी पाणी प्यायलो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल त्या दिवशी मी व्यासपीठावर पाहिला.

ही कीर्ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त हवालदारांच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर झाले. त्यांनी चष्मा पुसला, पदकं काचेतून बाहेर मागितली, आणि एकेकावर बोट ठेवत सांगितलं की हे पुष्कळ वर्षं नोकरी केल्याचं, हे मोहिमेवर हजर होता म्हणून, आणि हे... (इथं त्यांना मोठा खोकला आला. तिसरं पदक कशाचं ते त्यांना माहीत नसावं असा माझा दाट संशय आहे, पण निवृत्त हवालदाराला असं विचारायची माझी छाती नाही.) माझी टेकडी धाडकन खाली आली. मी म्हटलं, म्हणजे पराक्रमाचं एकही नाही?

“अहो, हजर होता,” हवालदार म्हणाले. “पळून जावंसं वाटत असताना हजर होता. तुम्ही राहिलात का कधी?”

मला मागच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून उठून घरी आलो होतो ते आठवलं. मग हवालदारांनी एक पदक आडवं धरलं आणि ते कडेकडेनं फिरवायला लागले. पूर्ण फिरवलं, दुसरं घेतलं, तेही फिरवलं. नाव कुठाय, म्हणाले. मी म्हटलं, कसलं नाव? ते म्हणाले, ज्याचं पदक त्याचं नाव आणि नंबर कडेवर कोरलेला असतो, समोरून दिसत नाही, कडेवर असतो. मी कड पाहिली. इतकी गुळगुळीत होती की तिच्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते तोंड पाहण्यासारखं नव्हतं.

मामा, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पायांखालची जमीन सरकली, दोन्ही एकदम झालं. गिऱ्हाईक कधीही येईल म्हणून आम्ही दरवर्षी ती पदकं इमानेइतबारे घासली, आणि घासून घासून गिऱ्हाइकाचं नावच पुसून टाकलं! चोरानं नेली असती तर नाव तरी राहिलं असतं. आळशी माणसाच्या दुकानात पडली असती तर धुळीखाली नाव शाबूत सापडलं असतं. आमच्या प्रामाणिकपणानं त्याला कुठलंच ठेवलं नाही. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं, आणि सौ.नं का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

तरी हाय खाल्ली नाही. जुन्या सैनिकांच्या नोंदी ठेवतात त्या कार्यालयात गेलो. तिथं तीन खिडक्या आहेत. नावाच्या खिडकीवर नाव विचारलं, नंबराच्या खिडकीवर नंबर विचारला. तिसरी तक्रारीची होती, तिथल्या बाईंनी विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? मी खरं तेच सांगितलं, आमच्याच घराण्याविरुद्ध. त्या हसल्या, मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदकं हातात घेऊन खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली. म्हणाल्या, यातून काही निघायचं नाही. पण पट्टीवर जागा चार आहेत, ते चौथं कुठं सापडलं आणि त्याची कड वाचता आली तर काम झालं, ही चारही एकाच माणसाची. मी घरी आलो आणि चौथ्यासाठी दुकान उपसलं. नळांची पिंपं पालथी केली, बिगुल उलटा करून हलवला (एक पाल निघाली, तिचा आणि माझा दोघांचा आवाज गेला), फळीखाली हात घातला. पदक नाही ते नाहीच.

आणि मग एका दुपारी दुसऱ्याच एक बाई दुकानात आल्या. बाई गणवेश शिवतात, शाळांचे, दवाखान्यांचे. आमच्या शेजारच्या बटणांच्या दुकानात आल्या होत्या. केस पांढरे, गळ्यात टेप. काचेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मला वाटलं पितळी बटणांचा भाव काढणार. आत आल्या आणि म्हणाल्या, चौथं कुठाय? (हवालदार तिथंच बसलेले होते. रिकामी जागा कुणालाही दिसते, उगाच हुरळू नका, असं त्यांनी माझ्या कानात सांगितलं. हवालदारांचं कानातलं बोलणं समोरच्या फुटपाथवर ऐकू जातं.) बाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं, आणि बसल्या.

त्यांचे वडील सैन्यात खेचरांवर होते. डोंगरावरच्या चौक्यांना खेचरांवरून पाणी पोचवायचं, हे त्यांचं काम. (माझी टेकडी अगदीच फुकट गेली नाही म्हणायची, चढण तेवढी बरोबर निघाली.) बाईंचं लग्न ठरलं तेव्हा कोटावर पदकं लावून उभं राहायचं असं त्यांनी मनात घेतलं आणि ती जाता जाता वाटेतल्या कुठल्याशा दुकानात पॉलिशला टाकली असावीत, हे बाईंना आत्ता आमच्या काचेसमोर उमगलं. घरी कुणाला सांगायचं राहिलं. त्याच आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. पुढं होते तोवर ते चांगल्या हातानं छातीवर थोपटायचे आणि मग रस्त्याकडे बोट करायचे. थोपटायचे, बोट करायचे. घरच्यांना वाटलं छातीत दुखतंय, डॉक्टर हवाय. डॉक्टर येऊन येऊन कंटाळले.

“मी रोज बाम चोळायचे,” बाई म्हणाल्या. “ते मान हलवायचे, नको नको करायचे. मी म्हणायचे, बाबा, थोडं सोसा.”

ते गेल्यावर पदकं शोधली तर घरात नाहीत. काकांनी सांगून टाकलं, विकली असतील दारूपायी. थोडी घ्यायचे ते, बाई म्हणाल्या, म्हणून कुणाला खोटं वाटलं नाही. मलाही नाही वाटलं. एवढं बोलून त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि उगाचच गुंडाळत बसल्या. मामा, आमचा धंदा धुळीचा, माझे डोळे बारा महिने लालच असतात, पण त्या दिवशीचं पाणी धुळीचं नव्हतं. सौ. तर आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हवालदारांना पुन्हा खोकला आला, आणि या वेळी तो माहिती नसल्याचा नव्हता.

मी पट्टी उचलली आणि बाईंच्या हातात कोंबली. म्हटलं, तुमचीच आहेत, न्या, आमच्या डोक्यावरचा भार उतरू द्या. त्यांनी ती पुन्हा गल्ल्यावर ठेवली.

“माझ्या बाबांची असली तर नाचत नेईन,” म्हणाल्या. “पण दुसऱ्या कुणाच्या बाबांची असली तर? त्याची पण मुलगी असेल ना कुठंतरी, बाम चोळलेली. नाव दिसलं की नेईन. तोवर असू द्या तुमच्या कपाटात. फक्त एक करा, आता घासू नका.”

तेव्हापासून बाई बटणांसाठी आल्या की आमच्याकडे डोकावतात. पट्टीचं माप घेऊन त्यांनी नव्या फिती शिवून आणल्या, हवालदार रंग सांगत होते (तिसऱ्या फितीच्या वेळी खोकला), आणि फिती चार शिवल्या, तीन नाहीत. चौथी मोकळीच लोंबते आहे, तिच्या टोकाला टाचणी लावून ठेवली आहे. सौ.नं टाकीचं नाव काढणं सोडलं आहे. कपाट जागेवर आहे. काचेतल्या पुठ्ठ्यावर आता ‘वीर’ हा शब्द खोडून ‘माणूस’ लिहिला आहे. हवालदारांना तो कमीपणाचा वाटतो, बाईंना आवडला. मला अजून आशा आहे. कालपर्यंत होती त्याहून आज पुष्कळच जास्त आहे, आणि तिचं कारण लिहायला हे पान पुरणार नाही असं वाटतं.

तरी मामींना नमस्कार, खोकल्याला मध चालू ठेवावा, साखरेचा डबा निदान सकाळचा तरी उघडा ठेवावा ही लहान तोंडी मोठी विनंती. लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही राहावा.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. सुरुवातीला जुडग्याची चौकशी केली ती अगदीच सहज नव्हती. काल जेवताना आईपुढे (म्हणजे आपल्या ताईपुढे) चौथ्या पदकाची रडकथा गात होतो. तिनं ताटावरून मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, “ते होय? ते माझ्या भावाच्या किल्ल्यांना लटकतंय की.” काखेत कळसा आणि गावाला वळसा, फरक एवढाच की काख आपली आणि वळसा माझा. ती सांगते, गोदामाच्या किल्ल्या नव्यानं हाती आल्या तेव्हा आपण त्या सारख्या हरवायचात, म्हणून बाबांनी कपाटातली एक जड चकती जुडग्यात अडकवून दिली. बाबांनी दिली की आपण उचलली याबद्दल तिचं आणि माझं एकमत नाही, आणि बाबांना आता विचारता येत नाही, तेव्हा तो विषय सोडावा. (टाचणीचं ते वाक्य लक्षात ठेवलं असेल तर आता विसरावं.) मुद्दा असा की आमच्या घराण्यात नियम मोडून फक्त एक वस्तू कपाटाबाहेर गेली, म्हणून तेवढीच आमच्या पॉलिशमधून वाचली. तिची कड शाबूत असणार.

तेव्हा खरी विनंती ही. चष्मा लावून, खिडकीत उभं राहून त्या कडेवरचं नाव वाचावं आणि मला फोन करावा. बाईंनी आज सकाळीच वडिलांचं नाव कागदावर लिहून बंद लिफाफा हवालदारांकडे दिला आहे. मला सांगितलेलं नाही. मला कळलं तर मी ते पत्रात लिहून बसेन आणि मग मामांना तेच दिसेल, असं सौ.चं म्हणणं पडलं. बाईंनी विचारलं, तुमचे मामा मन राखायला खोटं तर सांगणार नाहीत? मी म्हटलं, माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा कशावर सही केलेली नाही. त्या लगेच तयार झाल्या.

ता. क. दुसरा. जुडगा बोडका ठेवणार नाही. नवी पितळी चकती करायला घेतली आहे, जुनीहून जड, कडेवर आपलं नाव. इतकं खोल कोरतो आहे की आमच्या पुढच्या तीन पिढ्यांनी घासलं तरी जायचं नाही. जुनी टपालानं पाठवू नये. मी स्वतः येतो, कंबरेसकट.

ता. क. तिसरा. नाव जुळलं नाही तरी फोन कराच. बाईंनी तसा निरोप दिला आहे. म्हणाल्या, मग आपण सगळे मिळून त्या दुसऱ्या मुलीला शोधू.

ता. क. शेवटचा. आई आत्ता म्हणाली की बोलताना आपण जुडग्यातली नेमकी तीच चकती अंगठ्यानं घोळवता, आणि तीही कडेकडेनं, गेली कित्येक वर्षं. मामा, माझा जीव टांगणीला लागला आहे. तुम्ही हे पत्रसुद्धा एका हातात धरून दुसऱ्या हातानं तेच करत असाल. आधी अंगठा थांबवा. त्या माणसानं छातीवर थोपटून थोपटून जे सांगितलं आणि कुणाला कळलं नाही, ते तुमच्या कमरेला लटकतंय. आता तसेच उठा, कपाटातला फोन बाहेर काढा, आणि मग कड वाचा. तुम्हाला हे पत्र मिळेल तेव्हापासून बाई आमच्या दुकानात येऊन बसणार आहेत, शिवण घेऊन.